दिलगिरी अकराव्या पानावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा पत्रकार दिनाचा अग्रलेख वाचला. ६ जानेवारी १८३२, 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर, एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी... सगळे दरवर्षीप्रमाणे यथास्थित. मात्र 'छापील शब्दाइतके विश्वासार्ह काही नाही' या वाक्याला माझा चहा सांडला.

गेल्या आषाढात माझे वडील गेले. निधनवार्ता मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून आपल्याकडे नेऊन दिली, पैसे भरले, पावती घेतली. दुसऱ्या दिवशी अंकात निधन धाकट्या काकांचे! आणि पश्चात 'थोरले बंधू' म्हणून वडील हयात. काका दूध आणायला गेले तर दूधवाला दोन पावले मागे सरकला. घरचा फोन सारखा खणखणत होता आणि उचलत होते काकाच. हे हसण्यावारी नेता आले असते. पण दुपारी वडिलांचे शाळूसोबती दापोलीहून एसटीने आले, वयाच्या ऐंशीत, धाकटा भाऊ गेला म्हणून वडिलांना धीर द्यायला. खरे कोण गेले ते त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली.

आपली दिलगिरी चौथ्या दिवशी, पान ११, कांद्याच्या भावाखाली, दोन ओळी, 'अनवधानाने'. फोनवर आपला माणूस म्हणाला, "अहो, ॲपवर दुपारीच दुरुस्त केलंय." ॲपवर! वडिलांनी चाळीस वर्षे घेतला तो कागदाचा अंक. लोक कात्रण कापून ठेवतात तेही कागदाचेच. काकांनी स्वतःचे पाकिटात ठेवले आहे, भेटेल त्याला दाखवतात. प्रूफ वाचायला हल्ली कोणी असते का आपल्याकडे?

जाता जाता, भाऊ महाजनांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादींची शतपत्रे छापली, तीही पत्रेच होती. आपण काल, नेमक्या पत्रकार दिनी, वाचकांच्या पत्रांची जागा फर्निचरच्या सेलला दिलीत. पहिले पान सापडेपर्यंत तीन पाने जाहिराती उलटाव्या लागतात ते वेगळेच. आणि मंगळवारच्या शब्दकोड्याला चौकट सोमवारचीच होती. दीड तास घातला मी त्यात.

कळावे,
आपला एक वर्गणीदार, चिपळूण

(नाव छापू नये. छापलेच तर माझे छापावे, काकांचे नको.)