स्मार्ट रेटिंग द्या, पण आधी मीटर रूम उघडून बघा

मा. संपादक,
स. न.

काल तुमच्या पुरवणीत युरोपातल्या ‘स्मार्ट रेडिनेस इंडिकेटर’वरचा, म्हणजे इमारत स्मार्ट यंत्रणांसाठी किती तयार आहे ते सांगणाऱ्या रेटिंगवरचा, लेख वाचला. माहिती चांगली होती, पण शेवटी ‘आपल्या सोसायट्यांनाही हेच रेटिंग लावा’ असं जे लिहिलंय ते वाचून डोकं तापलं. तिकडे युरोपियन युनियनच्या 2018 च्या डायरेक्टिव्हनंतर (कायद्याच्या निर्देशानंतर) 2020 मध्ये नियम आले, हीटिंगपासून गाडीच्या चार्जिंगपर्यंत 9 गोष्टी तपासून टक्के देतात, आणि 2024 मध्ये सक्तीचं ठरलं तेसुद्धा 290 किलोवॅटच्या वर हीटिंग-एसी असलेल्या अनिवासी इमारतींसाठी, राहत्या घरांसाठी नाही. हे लेखात कुठेच नाही.

आमची बिल्डिंग 1986 ची. मागे एका कंपनीची मुलं टॅब घेऊन फुकट सर्व्हे करायला आली, वायफायची रेंज बघितली, सीसीटीव्ही मोजले, पार्किंगचे फोटो काढले आणि ‘स्मार्टसाठी रेडी’ असा रिपोर्ट देऊन गेली. मीटर रूमची चावी कुणी मागितलीच नाही! आत किटकॅट फ्यूजमध्ये (जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूज वायरच्या जागी जाड तांब्याची तार, अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला, न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, जॉइंट काळा पडलेला. तो रिपोर्ट दाखवून एका मेंबरने पार्किंगमध्ये गाडीचं चार्जिंग सुरू केलं, कमिटीनेही लगेच होकार दिला, आणि एका रात्री न्यूट्रल जळाला. न्यूट्रल गेला की थ्री फेजमध्ये कुणाच्या घरी व्होल्टेज पडतं तर कुणाच्या घरी 300 च्या वर चढतं. आमच्याकडे चढलं. फ्रिज गेला त्याचं एक वेळ सोडा, पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या एअर बेडचा पंप जळाला आणि रात्रभर आम्ही दोघं दर थोड्या वेळाने त्यांना कुशीवर वळवत बसलो. कंपनीला फोन केला तर म्हणे वायरिंग आमच्या स्कोपमध्ये येत नाही. मग रेडी कशाच्या जोरावर म्हणालात?

स्ट्रक्चरल ऑडिट 15 वर्षांवरच्या बिल्डिंगला दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर 3 वर्षांनी करायचं असं उपविधीत आहे. आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं सांगणारा फायरचा फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. पण वायरिंग, अर्थिंग, मंजूर लोड किती आणि वापर किती, हे आमच्या कमिटीला आजवर कुणी विचारलेलं नाही. रेटिंग आणायचंच असेल तर पहिले प्रश्न हेच हवेत, आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनची सही नसेल तर पुढचे गुण देऊच नयेत.

आणखी एक, त्या लेखाच्या खालीच स्मार्ट होमची अर्धं पान जाहिरात होती, तीही लेखासारख्याच अक्षरात. माझ्या मिस्टरांनी ती बातमी समजून वाचली. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असं ठळक छापा, एवढी विनंती.

– एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)