युकीला तू रडूबाई म्हणाली होतीस

नाशिक,
१४ जून

प्रिय मुक्ता,

सप्रेम नमस्कार. फोनवर बोलता आलं असतं, पण हे मला सलग, शेवटपर्यंत सांगायचं आहे. म्हणून पत्र.

आपलं ते भांडण आठवतं का? हॉस्टेलची जिन्याजवळची खोली, तुझा लॅपटॉप, 'व्हॅम्पायर नाइट' या जपानी ॲनिमे मालिकेचा दुसरा सीझन. शेवटच्या भागात नायिका युकी त्या व्हॅम्पायर कानामेचा हात धरून निघून गेली आणि तू लॅपटॉप मिटलास. म्हणालीस, "रडूबाई आहे नुसती. सव्वीस भाग रडली आणि शेवटी त्याच्याच मागे गेली." मला ते फार लागलं. मी म्हटलं, ती लढते, तिच्या हातात आर्टेमिस, ती लढायची काठी असते. तू म्हणालीस, काठी हातात असली म्हणून कुणी लढवय्यी होत नाही. मग दोन दिवस आपण एकमेकींशी बोललो नाही.

आता इतक्या वर्षांनी मी ती मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहिली. निमित्त झालं माझी भाची. सुट्टीत इथे आली होती, या वर्षी दहावीला आहे. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन काहीतरी बघत होती. मी शेजारी जाऊन पडले आणि बघते तर 'डायबॉलिक लव्हर्स'. २०१३ ची मालिका, बारा भाग, प्रत्येक भाग जेमतेम पंधरा मिनिटांचा. मूळचा गेम. युई नावाची मुलगी एका हवेलीत राहायला पाठवली जाते आणि तिथले सहा भाऊ आळीपाळीने तिचं रक्त पितात. ती नको म्हणते, पळते, पडते, आणि पुढच्या भागात पुन्हा तिथेच असते. तिला कुणी काही विचारत नाही, काही सांगत नाही. तिच्या छातीत हृदयसुद्धा दुसऱ्याच बाईचं ठेवलेलं आहे, आणि तेही तिला माहीत नसतं. माझ्याने ते बघवलं नाही. पण मी मोबाइल काढून घेतला नाही. मी तिला म्हटलं, ही संपव, मग मी तुला दोन मालिका दाखवते. तिला विचारलं, तुला ही का आवडते गं? ती म्हणाली, "मावशी, ती सुंदर आहे आणि सगळ्यांना तीच हवी असते." पंधराव्या वर्षी मलाही दुसरं काय हवं होतं?

तर आम्ही 'व्हॅम्पायर नाइट' लावली. मात्सुरी हिनोची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'लाला' मासिकात २००४ पासून २०१३ पर्यंत चालली, आणि स्टुडिओ डीनने २००८ मध्ये तेरा-तेरा भागांचे दोन सीझन केले. तेव्हा आपण युकीसाठी कानामे की तिच्याच घरात वाढलेला झीरो, फक्त एवढंच बघत होतो. या वेळी मी युकीकडे बघत होते.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नव्हती. क्रॉस अकादमीत युकीचं काम काय? दिवसाच्या वर्गातल्या मुलींना रात्रीच्या वर्गापासून लांब ठेवणं. ती देखणी मुलं व्हॅम्पायर आहेत हे त्यांना कळू नये, म्हणून ती आणि झीरो रात्री पहारा देतात. म्हणजे जिचं कामच इतर मुलींपासून सत्य झाकणं, तिच्यापासूनच सगळ्यात मोठं सत्य झाकलेलं आहे. वयाच्या पाचव्या वर्षाआधीचं तिला काही आठवत नाही. बर्फ, अंगावर येणारा व्हॅम्पायर आणि तिला वाचवणारा कानामे, इथून तिचं आयुष्य सुरू होतं. ती कोण आहे हे कानामेला माहीत आहे. तिला लेकीसारखं वाढवणाऱ्या हेडमास्तरांना माहीत आहे. झीरोचं हळूहळू व्हॅम्पायर होणं चार वर्षं त्याच घरात चाललेलं असतं, तेही हेडमास्तरांना ठाऊक आणि तिला नाही. सगळे तिच्यावर जीव टाकतात आणि सगळे तिच्यापासून लपवतात.

मुक्ता, मला वाटतं युकीचा दुबळेपणा हा आहे. रडणं नव्हे. आणि तो तिचा नाहीच, तिच्यावर लादलेला आहे.

तिच्या हातात जेवढं आहे तेवढ्यात ती काय करते ते बघ. झीरो तिला चावतो, नंतर स्वतःची शिसारी येऊन मरायला निघतो, आणि ती आपणहून आपली मान पुढे करते. ते निषिद्ध आहे, पकडली गेली तर सगळं संपेल, हे तिला कळतं. तिचं म्हणणं एवढंच, झीरोला रक्ताची गरज आहे, ते माझ्याकडे आहे आणि मी देणार आहे. तेव्हा आपल्याला तो शृंगार वाटला होता. या वेळी मला त्या प्रसंगात एक मुलगी दिसली, जी पहिल्यांदाच सगळं माहीत असताना काहीतरी ठरवते आहे. आर्टेमिस फिरवताना ती इतकी ताकदवान कधीच दिसत नाही.

आणि मग दुसरा सीझन. तिला भास व्हायला लागतात, भिंतीवर, पाण्यात, सगळीकडे रक्त. ती कानामेला स्पष्ट विचारते, माझ्या लहानपणी काय झालं होतं? तो सांगत नाही. त्याऐवजी तिला आपली प्रेयसी करून घेतो. ती वेडी व्हायच्या टोकाला येते तेव्हा तो तिला चावतो आणि सगळं एका झटक्यात परत येतं. ती शुद्ध रक्ताची व्हॅम्पायर आहे, त्याच्याच घरातली, आणि आई जुरीने स्वतःचा जीव देऊन तिला माणूस केलं होतं, आठवणीला कुलूप लावून. तिचे केस त्या क्षणी लांब होतात. हा प्रसंग तेव्हा आपण तीनदा मागे नेऊन पाहिला होता. या वेळी मला राग आला. विचारलं तेव्हा तिला उत्तर मिळालं नाही, आणि मिळालं ते त्याच्या दातांतून, त्याने ठरवलेल्या वेळी.

म्हणून तुझं म्हणणं मला आजही पटत नाही, पण माझंही चुकलं होतं. मी तिला काठीवरून बलवान ठरवत होते.

मग भाचीला 'ब्लड प्लस' दाखवली. तू ती पूर्ण पाहिली नव्हतीस, प्रेमकथा नाही म्हणून सोडली होतीस. माझ्या मते ती प्रेमकथाच आहे, फक्त प्रेमाचा शब्द उच्चारायला पन्नासावा भाग उजाडतो. प्रॉडक्शन आय.जी. स्टुडिओची, २००५-०६ मधली. साया ओकिनावात राहते, शाळेत उंच उडी मारते, उकडलेली अंडी आवडीने खाते आणि तिलाही मागचं काही आठवत नाही. ॲनिमिया आहे असं सांगून तिला रक्त चढवत असतात. इथेही बाकीच्यांना माहीत आहे. इथेही सुरुवातीला एक पुरुषच येतो, चेलो वाजवणारा हाजी. शाळेत राक्षस अंगावर येतो तेव्हा तो तिला आपलं रक्त पाजतो आणि तिच्या हातात तलवार देतो. म्हणजे युकी आणि साया एकाच जागेवरून निघतात.

फरक पुढे आहे. साया विचारत थांबत नाही, शोधायला निघते. व्हिएतनाम, रशिया, फ्रान्स. आणि तिला जे सापडतं ते सुखाचं मुळीच नाही. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये तिला अर्धवट झोपेतून जागं केलं गेलं आणि तिने समोर येईल त्याला कापलं, हाजीचा हातसुद्धा. त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, फ्रान्समधल्या एका वाड्याच्या मनोऱ्यात कोंडलेल्या मुलीचं गाणं तिला आवडायचं. तिनेच त्या मुलीला डीवा हे नाव दिलं आणि तिनेच दार उघडलं. त्या रात्री डीवाने वाड्यातली माणसं मारली. हे कळल्यावर साया कोसळते, जेवण टाकते, माणसं तोडते. पण आता ते तिचं असतं. तिची चूक, तिची बहीण, तिचं युद्ध.

तलवारीतसुद्धा एक बारकावा आहे. नुसत्या पात्याने ते राक्षस मरत नाहीत. साया आपलं बोट पात्यावर ओढते, रक्त पात्यावरच्या खाचेतून वाहत जातं आणि त्या रक्ताने समोरचा दगड होतो. तिचं शस्त्र तिचं स्वतःचं रक्तच आहे, आणि दर वेळी आधी तिला स्वतःलाच कापून घ्यावं लागतं. झीरोपुढे मान करणारी युकी मला इथे पुन्हा आठवली.

पण साया निर्दोष नाही, आणि म्हणून ती मला जास्त खरी वाटते. हाजी तिच्यासाठी फूल तोडायला गेला आणि कड्यावरून पडला. तो मरत होता. तिने आपलं रक्त त्याच्या तोंडात घातलं. तो जगला, पण माणूस राहिला नाही, शंभर वर्षं तिच्यामागे चालणारा रक्षक झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढे धाकट्या मानलेल्या भावाच्या, रिकूच्या बाबतीत तिच्यावर तीच वेळ पुन्हा येते. जिच्यापासून सगळं लपवलं गेलं तीच दुसऱ्याचं आयुष्य त्याला न विचारता बदलते, प्रेमापोटी. तिला ते सलत राहतं. मालिका तिला त्यातून सोडवत नाही.

'व्हॅम्पायर नाइट'ची मांगा संपते तिथेही हेच आहे. हजार वर्षांनी युकी आपला जीव देऊन कानामेला माणूस करते, जे आईने तिच्यासाठी केलं होतं तेच. या वेळी ती सगळं जाणून करते, म्हणून मी तिला बलवानच म्हणेन. पण कानामे तेव्हा दीर्घ झोपेत असतो. त्यालाही कुणी विचारलं नाही. ते पान आठवलं की माझ्या पोटात अजून कालवतं.

'कारिन' या मांगाचंही ओझरतं सांगते. ती उलटी व्हॅम्पायर, अंगात रक्त जास्त होतं म्हणून चावून दुसऱ्याला देणारी. गोड, हसरी गोष्ट. आणि मांगाच्या शेवटी घरचेच तिच्या आठवणी पुसतात, तिने माणसांत सुखाने राहावं म्हणून. व्हॅम्पायरच्या गोष्टींत दातांपेक्षा हेच जास्त आहे बघ. फार जुनंही आहे. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत नायिका मीना सगळ्यांच्या डायऱ्या टंकून, तारखा लावून जुळवते, त्यामुळे शिकाऱ्यांना माग लागतो. मग ते पुरुष ठरवतात की तिला आता यातून बाहेर ठेवायचं, तिच्या मनाला त्रास नको. आणि नेमकी ती एकटी असते तेव्हाच ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो.

आता मला हे सगळं एवढं का लागलं ते सांगते.

माझी बारावी तुला माहीत आहे. माझे पेपर चालू असताना बाबांची बायपास झाली. मला सांगितलं होतं की ते कामासाठी मुंबईला गेलेत. काकू डबा आणून द्यायची, शेजारच्या आजी रोज डोक्यावरून हात फिरवायच्या. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा आईने सांगितलं. काकूला, आजींना, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना माहीत होतं. अकरा दिवस. मला चांगले मार्क पडले आणि आजही घरात कौतुकाने सांगतात की तिला कळू दिलं नाही म्हणून. मी त्या अकरा दिवसांत फोनवर बाबांशी सायकलसाठी भांडले होते गं.

गेल्या महिन्यात बाबांचा रिपोर्ट आला. चांगला नाही. दादा म्हणाला, त्यांना सांगायचं नाही, या वयात कशाला, खचतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, मुक्ता. फाइल माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली. बाबा दोनदा विचारून गेले, रिपोर्ट आला का गं. मी म्हटलं, अजून नाही. आणि त्या रात्री भाचीबरोबर तो भाग पाहिला, जिथे युकी विचारते आणि कानामे काही बोलत नाही. भाची म्हणाली, "सांगत का नाही हा तिला? तिचंच आहे ना ते?" मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, बाबा, आठ दिवसांपूर्वीच आलाय, मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला. एकेक कागद वाचला, इंग्रजी शब्द अडला की बोट ठेवून मला विचारलं. मग म्हणाले, "तुझ्या बारावीला मी आईला म्हटलं होतं, पोरीला सांगूया. माझं कुणी ऐकलं नाही." हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी फाइल स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि चहा टाकायला सांगितला.

दादा माझ्याशी धड बोलत नाही अजून. बाबांनी मात्र स्वतः डॉक्टरांना फोन करून सोमवारची वेळ घेतली आहे. बरोबर कुणी यायचं तेही त्यांनीच ठरवलं. मी जाणार आहे.

'ब्लड प्लस' या वेळी पूर्ण बघ. शेवटी साया पुन्हा तीस वर्षांच्या झोपेला निघते, तिचा मानलेला भाऊ काई तिला पाठुंगळी घेऊन कुटुंबाच्या थडग्यापर्यंत नेतो, आणि नंतर तिथे एक गुलाबी गुलाब ठेवलेला दिसतो, हाजीच्या निळ्या रिबिनीने बांधलेला. भाची त्यावर रडली. मीही. बघून झालं की मला लिही, आणि युकीबद्दल अजून तसंच वाटत असेल तर तेही लिही. काकांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
वसू