नकाराचे कारण आदेशातच हवे

'आपला अर्ज नियमात बसत नसल्याने निकाली काढण्यात येत आहे.' सरकारी कार्यालयातून आलेले असे एका ओळीचे उत्तर हातात पडले की पुढे काय करायचे? कोणता नियम, कोणती अट, काहीच कळत नाही. मग अपील कशाच्या विरोधात करायचे? अन्याय सुरू होतो तो इथेच.

खरे तर कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही. १९९० च्या एस. एन. मुखर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अर्धन्यायिक (म्हणजे न्यायालयासारखा निवाडा करणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या) आदेशांत कारणे नोंदवणे सर्वसाधारणपणे आवश्यक मानले. त्याआधी १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, आदेशाची वैधता त्यातल्याच कारणांवर तपासली जाईल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. कारणे लिहायची म्हटली की अधिकाऱ्याला फाईल वाचावी लागते, अर्जदाराच्या मुद्द्यांना उत्तर द्यावे लागते.

पण न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत किती जणांची असते? म्हणून प्रत्येक नकारपत्रावर लागू केलेला नियम, त्यामागचे कारण, निर्णय घेणाऱ्याचे नाव व पदनाम आणि अपिलाची मुदत छापणे सक्तीचे करावे. वरिष्ठांनीही कार्यालयीन तपासणीत असे आदेश तपासून पाहावेत व कारणाविना दिलेले नकार फेरविचारासाठी परत पाठवावेत.

– एक वाचक