काकाजी, पत्ता कोणाचा ते विचारायला शिकवलंत

काकाजी,

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं काकाजी. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही फोनवर जे समजावलं, ते गावात बसून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या आणखी कोणाच्या तरी कामी येईल.

मला हवं होतं ते साधं होतं. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाच्या बोर्डावरून संत्र्याच्या बागेतल्या ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा, आणि लाइन आली की नाही ते बोर्डालाच कळायला हवं. आमच्याकडे मोटारीची थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. त्यात आंबिया बहारासाठी पाणी बंद करून झाडांना दिलेला ताण तोडताना पहिलं पाणी वेळेवर आणि बेतानं जावं लागतं. बोर्डाच्या पिना, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या काड्या, चालवायची लायब्ररी (तयार कोड) बोर्डाच्या कार्डावर नव्हती आणि वावरात रेंज नाही. ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं, की मेमरीच्या पत्त्यांना हात घालणं पायथनचं काम नाही, आधी सी भाषा शिक. तुम्ही एकटेच म्हणालात, "काहून नाही होत? सीटाइप्स अन् एममॅप पायथनसंगच येते. नेट कायले पाहिजे?" सीटाइप्सनं पायथनमधून मेमरीतले बाइट थेट वाचता-लिहिता येतात, आणि एममॅपनं फाइलचा किंवा उपकरणाचा तुकडा आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत आणता येतो.

तुम्ही मला थेट पिनांकडे नेलं नाही. आधी लॅपटॉपवर बसवलं. एक लिस्ट करायला सांगितली आणि तिचा आयडी विचारायला लावला. जो लांबलचक आकडा आला तो त्या लिस्टचा मेमरीतला पत्ताच आहे, हे ऐकून मला खरं वाटेना. मग सीटाइप्सच्या फ्रॉम_ॲड्रेसनं त्याच पत्त्यावरचे पहिले आठ बाइट वाचायला लावले. आकडा आला १. लिस्टला दुसरं नाव दिलं आणि पुन्हा वाचलं, तर २. या वस्तूला किती जणांनी धरून ठेवलंय, याचा हिशेब पायथन तिथे ठेवतं. पुस्तकात वाचलेली गोष्ट मी पहिल्यांदा तिच्या जागेवर जाऊन पाहिली होती. त्या संध्याकाळचा आनंद मला अजून कोणाला नीट सांगता आलेला नाही.

नंतर तुम्ही मुद्दाम शून्य हा पत्ता वाचायला लावलात. प्रोग्राम तिथल्या तिथे मेला, सेगमेंटेशन फॉल्ट. लॅपटॉपला मात्र काहीच झालं नाही. प्रत्येक प्रोग्रामला दिसणारे पत्ते आभासी असतात, मेमरी साधारण ४०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते, कोणतं पान कोणाचं याचा तक्ता कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, राखतो आणि प्रोसेसर प्रत्येक वेळी तो तक्ता पाहूनच आत सोडतो, हे तुम्ही त्याच फोनवर सांगितलंत. तक्त्यात नसलेल्या पानाला हात लावला की प्रोग्राम बंद. माझी निम्मी भीती तिथेच गेली. उरलेली तुम्ही जाऊ दिली नाहीत, हेही बरं केलंत. आपल्याच पानावर भलतं लिहिलं तर कोणी टोकत नाही. त्या १ च्या जागी दुसरं काही लिहिलं, तर पायथन वापरातली वस्तू मोकळी समजून टाकून देऊ शकतं आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी पडतो.

खरी अडचण पुढे होती. पायची चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमच्या २०१२ च्या कागदांत पिनांच्या रजिस्टरांचा, म्हणजे पिना चालवणाऱ्या चिपमधल्या जागांचा, पत्ता सोळाच्या पद्धतीत ७ई२००००० असा छापलाय. पाय ३ साठीचा नमुना पाहिला तर त्यात ३एफ२०००००, जुन्या पहिल्या पायसाठी २०२०००००. आणि एममॅप केल्यावर माझ्या प्रोग्रामला चौथंच काहीतरी दिसत होतं, तेही दर वेळी नवीन. तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुमचं नदीकडचं वावर जुन्या कागदात सर्व्हे नंबरानं हाय, सातबाऱ्यावर गट नंबरानं हाय, अन् गावात त्याले काय म्हनते? वावर तर एकच ना? मंग पत्ता कोनाचा हाये ते आंधी पाय." छापील पत्ता चिपच्या आतल्या बसचा, म्हणजे तिथल्या माहितीच्या वाटेचा, दुसरा प्रोसेसरला दिसणारा भौतिक पत्ता, तो बोर्डाच्या पिढीगणिक बदलतो, आणि शेवटचा फक्त माझ्या प्रोग्रामचा. तेव्हापासून कुठलाही पत्ता दिसला की मी हाच प्रश्न आधी विचारते.

सगळी मेमरी उघडणारी डेव्ह-मेम ही फाइल तुम्ही मला वापरू दिली नाही. तिला रूट, म्हणजे संगणकाचा पूर्ण अधिकार, लागतो, आणि तिथे एक आकडा चुकला तर नुसता प्रोग्राम नाही, पूर्ण बोर्ड अडकू शकतो. त्याऐवजी डेव्ह-जीपीआयओमेम दाखवलंत. त्यातून फक्त पिनांचा तुकडा उघडतो, रूट लागत नाही आणि भौतिक पत्ता आपण सांगायचीही गरज नाही, सुरुवात शून्यापासून. माझ्यासारखं कोणी हे करायला बसलं असेल तर तिथूनच करावं, असं माझंही ठाम मत झालं आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट लिहितेच. पिनेची दिशा ठरवणाऱ्या रजिस्टरात एकेका पिनेला तीन बिट, एका रजिस्टरात दहा पिना. म्हणून १७ नंबरची पिन दुसऱ्या रजिस्टरात, २१ व्या बिटापासून. तिथे आधी वाचायचं, आपले तीनच बिट बदलायचे आणि मग परत लिहायचं, नाहीतर शेजारच्या पिनांचं काम बिघडतं. पण पिन चालू-बंद करायला दोन वेगळी रजिस्टरं आहेत. एकात १ लिहिला की पिन चालू, दुसऱ्यात १ लिहिला की बंद, आणि ० लिहिलेल्या पिनांना धक्काच लागत नाही. आधी वाचायची गरज नाही. त्यामुळे दोन प्रोग्राम एकाच वेळी वेगवेगळ्या पिना चालवत असले तरी एकाचं लिहिणं दुसरा पुसत नाही. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी फोनवर गप्प झाले होते. ज्यानं कोणी ते रजिस्टर आखलं, त्यानं किती पुढचा विचार केला असेल, हेच मनात होतं.

रजिस्टरात चारही बाइट एका दमात गेले पाहिजेत, म्हणून एममॅपवर फ्रॉम_बफरनं ३२ बिटांचा पूर्णांक बसवायचा, हेही तुमचंच. तयार कोड पाठवणं तुम्हाला सोपं गेलं असतं. तुम्ही एक ओळही पाठवली नाहीत. प्रत्येक वेळी मी वाचून दाखवायची आणि तुम्ही ऐकायचं, कितीही वेळ लागला तरी.

व्हॉल्व्ह आता चालतो आहे, लाइन आल्याचं पिनेवर वाचता येतं. बाबा रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जात होते, ते थांबलं. त्याबद्दल आईनं वेगळे आभार कळवायला सांगितले आहेत.

पाय ५ वर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आहेत, त्यामुळे हे पत्ते आणि ही मांडणी तिथे चालत नाही. त्या चिपचे कागद मी उतरवून आणलेत आणि वाचायला घेतलेत. दिशा आणि चालू-बंद कुठे आहे ते माझं मी शोधते, मग फोन करते.

तुमची विद्यार्थिनी,
तालुका वरुड, जिल्हा अमरावती