उतरताना जपून

पाचपाखाडी, ठाणे
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय मनू,

दुपारी "आई, मी काय लहान आहे का?" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. परत फोन केला असता तर परत दोघींचा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय. बाबा झोपलेत. उद्या रात्री तुम्ही बालीतल्या त्या बातूर ज्वालामुखीकडे निघाल, त्याआधी हे वाच.

फोटो सगळे पाहिले. तुमच्या हॉटेलच्या दारात पानांच्या द्रोणात फुलं आणि वर उदबत्ती, तो मला सगळ्यात आवडला. आजीलाही दाखवला. पण पेनिदा बेटावरच्या केलिंगकिंगचे फोटो बघताना काळजात धस्स झालं गं. समुद्रात घुसलेला तो सुळका, त्याच्या पाठीवरून खाली गेलेली वाट आणि कडेला बांबूचे कठडे. एका फोटोत तुझा उजवा हात ज्या बांबूवर आहे, तो खांबाला दोरीने बांधलाय आणि ती दोरी उसवत आलीय. तू छान हसतेयस आणि मी ती दोरीच बघत बसले.

पाण्यात उतरला नाहीत म्हणालीस, ते फार बरं केलंत. पेनिदाची ती बाजू थेट हिंदी महासागराकडे उघडी आहे, मध्ये आडवं काही नाही. लाट लांबून जोर घेऊन येते. एंजल्स बिलाबाँगच्या कुंडातलं पाणी काचेसारखं दिसतं, पण एखादी मोठी लाट खडक ओलांडून आत आली की माणसाला बाहेर खेचून नेते. हे सगळं मी आज संध्याकाळी वाचत बसले होते. बाबा म्हणाले, कशाला वाचतेस? न वाचून काळजी कमी होत असती तर वाचलं नसतं.

आता बातूर. उतरण्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुझे ट्रेकिंगचे बूट इथे शू-रॅकवर आहेत, मनू. म्हणजे तू रोजचे पळायचे बूट नेलेस, आणि त्यांचे तळवे टाचेकडे पार गुळगुळीत झालेत हे मला माहीत आहे, मीच धुते ते. दुपारी मी एवढंच म्हणत होते.

बातूर 1717 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडाच उंच. तिची उंची 1646. चढण्याची मला चिंता नाही, तुझा दम चांगला आहे. पण आपला सह्याद्री लाव्हाचाच असला तरी तो थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. आपला कातळ कोरडा असला की पाय धरून ठेवतो. बातूर जिवंत आहे, वर सगळी काळी सुटी खडी, नुसता घसारा. चढताना दोन पावलं पुढे आणि एक मागे, एवढंच होतं. उतरताना पाय गेला की माणूस जातो. त्यातून तुम्ही पहाटे चारला चढायला लागणार, म्हणजे झोप झालेली नसणार. सूर्योदय बघून झाला, वाफेवर उकडलेली अंडी खाऊन झाली, की सगळ्यांना खाली पळायची घाई होते. नाणेघाटात बाबांचं काय झालं? दिवसभर काही नाही, आणि गाडी दिसायला लागल्यावर.

पुन्हा तेच सुरू केलं. माफ कर. आणि स्कूटीचं तर बोलतच नाही, तू शब्द दिला आहेस.

तुला कळसूबाई आठवते का? आठवीत होतीस. बारी गावातून निघालो तेव्हा सगळ्यांच्या पुढे. शिड्या तर खारीसारखी चढलीस. देवळाशी पोचल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, "एवढंच?" परत येताना शिडीच्या वरच्या टोकाशी उभी राहिलीस आणि गप्प झालीस. रडली नाहीस, भीती वाटते असंही म्हणाली नाहीस, फक्त बोलणं बंद. बाबा खालच्या पायरीवर उभे राहिले आणि तुझा एकेक पाय हाताने धरून पायरीवर टेकवत आले. मागे माणसांची रांग लागली होती, कोणीतरी ओरडलंही, पण बाबांनी घाई केली नाही. खाली आल्यावर तू बारीपर्यंत त्यांचा शर्ट सोडला नाहीस. त्यांनी तो शर्ट अजून टाकलेला नाही.

आता तू सगळं स्वतः ठरवून, ऐरोलीच्या ऑफिसातून रजा काढून, स्वतःच्या पगारातून परदेशात गेलीस. तुझ्या वयाची असताना मी एकटी कर्जतच्या पुढे गेले नव्हते. वीणामावशीला परवा हेच सांगत होते आणि सांगता सांगता माझा गळा भरून आला. ती म्हणाली, मग ओरडतेस कशाला पोरीला?

आज बातूरबद्दल आणखी एक वाचलं. 1926 च्या उद्रेकात तिथलं गाव लाव्ह्याखाली गेलं. माणसं वर कड्यावर राहायला गेली, देऊळही वर नेलं, आणि अजून त्याच डोंगराकडे बघत राहतात. तिथल्या आया मुलांना काय सांगत असतील, हेच डोक्यात घोळत राहिलं. तुमचा वाटाड्या तिथलाच असेल. तो थांब म्हणाला की थांब, त्याच्या पुढे जाऊ नकोस. त्याच्याकडे काठी माग. पाऊल आडवं टाक, गुडघे वाकवून. कठीण वाटलं तर सरळ खाली बसून ये, पँट फाटली तर फाटू दे. फोटो काढायचा तर उभी राहून काढ, चालता चालता नाही. वर थंडी असते, निळं जर्किन घाल. जास्त झालं का? होऊ दे.

वरून फोटो नाही पाठवलास तरी चालेल. खाली गाडीपाशी आलीस की "उतरले" एवढंच टाक. तुमचे नऊ म्हणजे आमचे साडेसहा, मी उठलेलीच असते.

तुझी,
आई

ता. क. आजीला ज्वालामुखीचं सांगितलेलं नाही. देवळं बघायला गेलीय एवढंच तिला माहीत आहे. तिचा फोन आला तर तूही तेवढंच बोल.