पॉन्टकसल्टेच्या जलसेतूसाठी मंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

दर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की आपल्या मंडळाची एक सहल ठरलेली असते. वेल्समधल्या लॅन्गॉलेनहून कालव्याच्या काठाकाठानं ट्रेव्हरपर्यंत चालायचं आणि पॉन्टकसल्टेचा जलसेतू, म्हणजे नदीवरून कालवा नेणारा पूल, ओलांडायचा. वाट चार मैलांच्या वर आहे, पण सपाट. गेल्या वर्षी एक आजी जलसेतूच्या मध्यावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या, त्या बराच वेळ हलल्याच नाहीत. पाटाचं पाणी वरून आणि डी नदी 38 मीटर खालून! जन्मभर पाटाच्या पाण्यावर ऊस काढलेल्या बाईला त्याचं मोल आम्ही काय सांगावं?

टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचं हे काम 1805 साली पुरं झालं, त्याला दहा वर्षं लागली. 18 दगडी खांबांवर 307 मीटर लांब बिडाची पन्हळ. चुन्यात बैलाचं रक्त कालवलेलं, सांध्यांत साखरेच्या पाकात भिजवलेलं फ्लॅनेल आणि वर शिसं. त्या पन्हळीतून आजही बोटी जातात. आपण चालतो ती वाट पाण्याच्या कडेला नाही, पन्हळीतल्या पाण्याच्याच वर बसवलेली आहे. बोट पुढे सरकताना बाजूला सारलेलं पाणी त्या वाटेखालून मागे जातं. इतका बारीक विचार त्या काळी केला, हात जोडावेसे वाटतात. कालव्यावरच्या जुन्या पुलांच्या कडाही नीट पाहा. बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी तिथे चरे पाडलेत, आपल्या विहिरींच्या काठावर असतात तसेच. करंगळी सहज बसते.

2009 पासून हा जागतिक वारसा आहे. तरी तिथे तिकीट नाही, कोणी अडवत नाही. देखभाल करते कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था. तिच्याकडे असे सुमारे 2,000 मैल जलमार्ग आहेत, आणि तिचं सरकारी अनुदान 2027 पासून दरवर्षी घटत जाणार आहे. आपण इतकी वर्षं फुकट चाललो. यंदा काहीतरी द्यायला हवं, असं कार्यकारिणीला मनापासून वाटतं.

म्हणून यंदाच्या सहलीत मोठ्यांनी माणशी 10 पौंड द्यावेत, जास्त दिले तर आनंदच. सगळी रक्कम ट्रस्टला जाईल. बस आणि चहा-पोह्यांचा खर्च मंडळ करेल. पैशांइतकीच माणसंही हवीत. जलसेतूवर वाट अरुंद आहे, व्हीलचेअर ढकलायला सवयीचे हात लागतात. पाण्यापलीकडच्या बाजूला कठडा अजिबात नाही, त्यामुळे लहान मुलांमागे एकेक मोठं माणूस हवंच. ज्यांना एवढं चालणं झेपत नाही त्यांना ट्रेव्हरपर्यंत आणायला चार गाड्या लागतील. आणि तरुण मंडळींनी एखादा शनिवार काढून ट्रस्टच्या स्वयंसेवकांबरोबर काठावरचं गवत कापायला, रंग द्यायला जावं. सोबत येणाऱ्यांची यादी आम्ही करतो आहोत.

सहल जूनच्या दुसऱ्या रविवारी आहे. मंडळाच्या ग्रुपवर नाव टाका किंवा कार्यकारिणीतल्या कोणालाही फोन करा. घरच्या कोणाला व्हीलचेअर लागणार असेल तर तेवढं आधी कळवा.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी