पुंगळी चिरडाच, पण सायलेन्सर नीट बसवायचा कसा तेही छापा

प्रति,
संपादक महोदय,

बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत वरचेवर येतात. 'पुंगळी' (आतली रचना काढलेली नुसती नळी) आणि 'फटाका' (फटाक्यासारखा आवाज काढणारा सायलेन्सर) यांची तीच गत व्हायला हवी, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचा आक्षेप 'मॉडिफाय सायलेन्सर' या सरसकट शब्दाला आहे. त्यात रात्री बाराला गल्ली उठवणारा पोरगा येतो, आणि जुना सायलेन्सर कुजला म्हणून कंपनीबाहेरचा बसवणारा साधा नोकरदारही येतो. कोकणात दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक अधिक. हे लोक हल्ली भाग ऑनलाइन मागवतात, अंगणातच गाडी खोलतात, आणि चांगला सायलेन्सरही चुकीचा बसवल्याने फटफटायला लागतो.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीचे मूळ वैशिष्ट्य बदलेल असा फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ(4) खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाची किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम 190(2) लागते : पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्सला अपात्र. मोटारसायकलसाठी आवाजाची मर्यादा 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल आणि त्यापुढे 80 डेसिबल. हे माप गाडी जोर घेत समोरून जाताना 7.5 मीटर अंतरावरून घेतलेले असते. म्हणून मोबाइलवरचे ॲप सायलेन्सरच्या तोंडाशी धरून 'नव्वद दाखवतंय' असे म्हणण्यात अर्थ नाही; अर्ध्या मीटरवर तेवढे कंपनीचा सायलेन्सरही दाखवू शकतो. कुजलेल्या सायलेन्सरच्या जागी तशाच रचनेचा, तेवढ्याच आवाजाचा दुसरा बसवणे ही आमच्या मते दुरुस्ती आहे. आतली रचना काढून नुसती नळी ठेवणे हा फेरफार.

सायलेन्सर कुजतो तो मुख्यतः आतून. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी दहा-बारा किलोमीटर सलग चालली तर सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते. घर ते बाजार एवढीच फेरी असेल तर तिचे आतच पाणी होते आणि ते पत्रा खाते. खाऱ्या हवेने बाहेरून मदत होतेच. हे पाणी निघावे म्हणून अनेक सायलेन्सरांना खालच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटरचे बारीक भोक असते. 'सायलेन्सर लीक आहे' म्हणून ते वेल्डिंगने बुजवून घेणारे महाभाग दर पावसाळ्यात भेटतात. ते भोक बुजवू नका, तारेने मोकळे ठेवा.

नवा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्या गाडीचा बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) आणि सायलेन्सर वेगळे होतात का? 100 ते 150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ते एकसंध असतात. तिथे नुसता मागचा भाग घेतला तर कापाकापी आली, आणि ती घरी करू नये. दुसरे, बेंड पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. दोन मिलिमीटरची ढिलाई क्लॅम्प आवळून भरून निघत नाही, पत्रा अंडाकृती होतो आणि गॅस बाजूने फुटतो. तिसरे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी, कुठे आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तो असतोच, काहींत बेंड पाइपमध्ये, काहींत सायलेन्सरच्या पोटात. पोटात असेल तर स्वस्तातला सायलेन्सर लावताच तो गेला, आणि धुराची मर्यादाही गेली. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते. भंगारवाला जुन्या सायलेन्सरला इतका आग्रह का करतो, ते यावरून कळावे. कुजका असला तरी जुना लगेच देऊन टाकू नका; नव्याचे ब्रॅकेट जुळवायला तो लागतोच.

सामान फार लागत नाही : 10, 12, 13 आणि 14 नंबरच्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, 5 आणि 6 चा ॲलन पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, नवे गॅस्केट (जोडातून गॅस गळू नये म्हणून घालायची कडी), जमल्यास टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा). गॅस्केट पन्नास-शंभराचे असते आणि तेच नेमके वाचवले जाते. ते दबून बसण्यासाठीच बनवलेले असते. एकदा दबले की पुन्हा सील करत नाही.

खोलण्याचे काम आदल्या रात्री सुरू होते. बेंड पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे जोडतो, तिथल्या स्टडच्या (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांच्या) नटांवर तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी थंड गाडीवर नट आधी किंचित आवळा, 'टक्' झाले की मग सोडा. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला की हेड उतरवून लेथवाल्याकडे जावे लागते, आणि सायलेन्सरच्या किमतीचा हिशोब तिथेच बिघडतो. पाइपवर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर आधी त्याचा कनेक्टर सोडा, मगच सेन्सर फिरवा. नाहीतर वायर पिळून आतून तुटते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. जुने गॅस्केट हेडच्या भोकात चिकटून राहते आणि काजळीने इतके एकजीव दिसते की तो हेडचाच भाग वाटावा. त्यावर नवे बसवले की दोन्ही तिरपी दबतात आणि गाडी पहिल्या किकलाच फटफटते. टॉर्च लावून नीट बघा, बारीक स्क्रू ड्रायव्हरने कडेने उचकटा, ॲल्युमिनियमला ओरखडा पडू देऊ नका. नवे गॅस्केट जागेवर टिकत नसेल तर ग्रीसचे चार ठिपके पुरे. सिलिकॉन तिथे लावू नका; साधे सिलिकॉन जळते आणि त्याची वाफ सेन्सर खराब करते.

बसवताना सगळे नट-बोल्ट आधी फक्त हाताने लावावेत. मग हेडचे दोन नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा, त्यानंतर क्लॅम्प, आणि सर्वात शेवटी मागचा फूटरेस्टजवळचा बोल्ट. हा क्रम उलटा केला तर पाइप ताणात अडकतो. दिसायला ठीक दिसते, पण दोन-तीन महिन्यांत ब्रॅकेटला चीर जाते किंवा स्टडचे आटे निघतात. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्यावा. साधारणतः 6 मिलिमीटरच्या स्टडला 10 ते 12 न्यूटन-मीटर, 8 च्या बोल्टला 20 ते 25. जुन्या सायलेन्सरच्या ब्रॅकेटमधले रबरी बुश आणि त्यातली लोखंडी नळी काढून नव्यात घाला. ती नळी विसरली तर बोल्ट रबराला चिरडतो आणि सगळी थरथर पत्र्यावर येते.

डबल स्टँडकडे फारसे कोणी बघत नाही. काही गाड्यांत स्टँड वर गेल्यावर ज्या रबरावर टेकतो ते सायलेन्सरलाच जोडलेले असते. नव्याला ते नसेल तर स्टँड जास्त वर जाऊन चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा चेनला घासतो. मागे एक भारी माणूस बसवून शॉकअप पूर्ण दाबून पाहा, ब्रेकचे पायडल मोकळे आहे ना पाहा, मागच्या चाकाचा नट सायलेन्सर न काढता सुटतो का तेही पाहा. पंक्चर काढायच्या वेळी याची आठवण येते, तेव्हा उशीर झालेला असतो.

चालू करण्याआधी पाइप थिनरने पुसा, नाहीतर बोटांचे ठसे तापून कायमचे उमटतात. गाडी उघड्यावर चालू करा, बंद पार्किंगमध्ये नाही. पहिली काही मिनिटे तेल जळून थोडा धूर येतो, तो नवेपणाचा. मग जोडांजवळ पेटती अगरबत्ती फिरवा. धूर झटक्याने बाजूला उडाला किंवा आत ओढला गेला तर तिथे गळती आहे. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडते आहे असे वाटते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ते वाढवतो. प्लग काळा, ॲव्हरेज खाली, आणि थ्रॉटल सोडल्यावर पट्-पट् आवाज. गिऱ्हाईक म्हणते सायलेन्सर खराब निघाला. खराब असते शंभर रुपयांचे गॅस्केट. सुमारे शंभर किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना सगळे नट एकदा पुन्हा आवळावेत.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला मोकळा सायलेन्सर लावला तर उलटे होते. मिश्रण पातळ पडते, प्लग पांढरा होतो, बेंड पाइप निळा पडतो. त्यावर उपाय मेन जेटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य भोकाचा. चोक ओढून फिरणे हा नव्हे. ग्लासवूलच्या (काचतंतूंच्या लोकरीच्या) सायलेन्सरमधली लोकर जळत जाते आणि आवाज हळूहळू वाढतो, म्हणून ती बदलता येते असाच घ्या. काहींत तोंडाशी बोल्टने लावलेली, आवाज दाबणारी आतली नळी काढून ठेवायची सोय असते. ती 'सोय' वापरून नळी काढली की दंडाची पावती आपणच लिहिली. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून फटाके फोडणाऱ्यांना एवढेच सांगतो, की तो स्फोट सायलेन्सरमध्ये साठलेल्या कच्च्या पेट्रोलचा असतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी अशानेच वितळते.

परिवहन खात्याला आणि पोलिसांना आमची विनंती आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायलेन्सरवर तो किती सीसीसाठी आहे आणि किती डेसिबलचा आहे, हे पत्र्यात ठोकून लिहिणे दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेते दोघांनाही सक्तीचे करावे. आज खोक्यावर 'फक्त रेसिंगसाठी' असे बारीक अक्षरात छापून सगळी जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलली जाते. नाक्यावर कारवाई करताना आवाज यंत्राने मोजावा, आणि तो किती अंतरावरून, इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मोजला, ते चलनावर लिहावे. यंत्र नसेल तर पुंगळी ओळखायला हातभर वेताची काठी पुरते. थंड सायलेन्सरच्या तोंडातून आत सारा. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये ती पडद्यांना अडते, पुंगळीत पार आत जाते.

आपले,
दुचाकी दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, चिपळूण